देवीचा उजवा

गेल्या मार्चमध्ये चार दिवस रजेवर गेले आणि परत आले तर आमच्या सोसायटीत नुसता गोंधळ. माझ्या टेबलावर फायलींचे दोन ट्रे असतात, एक मंजूर कर्जांचा आणि एक 'बघू'चा. माझ्या जागी बसवलेल्या नव्या मुलानं एक ट्रे उचलला आणि त्यातल्या पाच जणांना फोन करून टाकले, 'या, सही करायला या.' ते पाचही जण 'बघू'तले होते. एकाचा जमिनीचा उतारा जुळत नव्हता, दुसऱ्याचा जामीनदार स्वतःच थकबाकीत. पाचही जण चांगले कपडे घालून, बायकोला घेऊन, पेढे घेऊन आलेले. त्यांना परत पाठवणं माझ्या वाट्याला आलं.

मुलगा रडकुंडीला आला होता. म्हणाला, "मॅडम, खरं मंजूर उजवीकडंच असतंय की सगळीकडं."

(आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. बेळगावकडचं मराठी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, ही माणसं उठता-बसता खरं बोलतात.)

मी त्याला काही बोलले नाही, कारण त्याचं बरोबर होतं. मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर मंजूर उजवीकडे, कॅशियरच्या टेबलावर उजवीकडे. डावीकडे फक्त माझ्याच. अठ्ठावीस वर्षं मी मंजूर फाईल डावीकडे सरकवत आले आणि असं ठेवायचं हे कधी ठरवल्याचं मला आठवत नाही.

मी डावरी आहे. म्हणजे अर्धी. शिक्का डाव्या हातानं मारते, सही उजव्या हातानं करते. भाजी चिरणं, सुईत दोरा ओवणं, कुलूप उघडणं, कुत्र्याला दगड दाखवणं, सगळं डाव्यानं. लिहिणं आणि जेवणं उजव्यानं. ही वाटणी मी केलेली नाही. लिहिणं शाळेनं नेलं आणि जेवणं आईनं.

शाळेतल्या बाईंबद्दल मला आता राग नाही. त्यांच्याकडे कारण होतं. पाटीवर डाव्या हातानं लिहिलं की आपलं अक्षर आपल्याच तळव्याखाली पुसलं जातं, कारण आपली ओळ डावीकडून उजवीकडे पळते आणि हात तिच्या मागून येतो. "लिवतीस का पुसतीस गे?" असं विचारून त्या पट्टी पेरांवर मारायच्या, पट्टी उभी धरून. तीन महिन्यांत माझं लिहिणं उजव्या हातात गेलं. अक्षर आजही असं आहे की डॉक्टरांनी शिकवणी लावावी.

आईचं कारण वेगळं होतं. तिला पुसलं जाण्याची काळजी नव्हती. डावा हात ताटाला, देवाला, पाहुण्याला, पैशाला लागू नये, एवढंच. दुकानात मी डाव्या हातानं नोट पुढे केली की ती माझ्या मनगटाला धरून हात मागे घ्यायची आणि नोट उजव्या हातात देऊन पुन्हा पुढे करवायची. दुकानदार थांबायचा. त्यालाही ते रीतसर वाटायचं.

शेतात मात्र कुणी मला बदललं नाही. तिथं वेळ कुणाला होता! आमचं गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या अंगाला. पावसाचा आणि भाताचा मुलूख. सुगीत भात कापायला बायका ओळीनं बसतात, डाव्या मुठीत चूड धरायचा आणि उजव्यातल्या दात्यांच्या विळ्यानं खसकन ओढायचा. विळ्याला धार एकाच अंगानं लावलेली असते आणि ते अंग उजव्या हाताचं. माझ्या हातात तो भात कापायचा कमी, घासायचा जास्त. शिवाय माझा विळा उलट्या बाजूनं फिरायचा आणि शेजारणीच्या मुठीपाशी जायचा. काकू ओरडली, "तू कडंला बस बाई, कुणाचं तरी बोट घेशील." तेव्हापासून सुगीत माझी जागा बांधाकडची. सगळ्यांच्या शेवटी, एकटी, माझ्या डाव्या हाताला कुणी नाही.

फायलींच्या त्या प्रकारानंतर रात्री मुलीला सांगितलं, तर ती हसली आणि तिनं मला डॅनिएल कॅसासँटो नावाच्या मानसशास्त्रज्ञाची हकीकत सांगितली. ती हे विषय शिकते. नंतर मी स्वतःही वाचलं, सावकाश, शब्दकोश शेजारी ठेवून.

२००९ साली या माणसानं लोकांना एक साधं काम दिलं. कागदाच्या मधोमध एक मनुष्याकृती, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक रिकामा चौकोन. हा गडी प्राणिसंग्रहालयात चाललाय. याला झेब्रे आवडतात आणि पांडा वाईट वाटतात. दुसऱ्या काही जणांना याच्या उलट सांगितलं. आता चांगल्या गोष्टींना शोभेल त्या चौकोनात चांगला प्राणी काढा आणि वाईट दुसऱ्यात. उजव्या हाताच्या बहुतेकांनी चांगला प्राणी उजवीकडे काढला, डावऱ्यांनी बहुतेकांनी डावीकडे. मग त्यानं नोकरीच्या उमेदवारांची, विकत घ्यायच्या वस्तूंची वर्णनं दोन रकान्यांत छापून विचारलं, यातला कोणता घ्याल? तिथंही तोच कल. उजवे उजव्या रकान्याकडे झुकले, डावरे डाव्या. त्याचं म्हणणं असं की ज्या बाजूला आपला हात सहज चालतो ती बाजू मनाला बरी वाटू लागते, आणि हे बरं वाटणं हातापुरतं राहत नाही, माणसांच्या पारखीतही झिरपतं.

मुलगी हे सांगत होती आणि मी मनात फायली मोजत होते.

आता, मी काही बाजू बघून कर्ज देत नाही. उतारा, उत्पन्न, जुनं खातं, जामीनदार, एवढं बघून झालं की शंभरातल्या नव्वद फायली आपोआप आपली जागा घेतात. या प्रयोगातला झुकावही असाच आहे, बाकी काही हाताशी नसेल तेव्हाचा. दोन अर्ज अगदी जुळ्यांसारखे, पैसे एकापुरतेच उरलेले, आणि संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. तेव्हा मी काय करते? दोन्ही फायली समोर उघडून शेजारी-शेजारी ठेवते. कोणती कुठल्या बाजूला ठेवते? मला वाटायचं, मी आधी ठरवते आणि मग ठेवते. आता खात्री नाही. ठेवतानाच ठरत असेल. त्या अठ्ठावीस वर्षांत कुणाची तरी म्हैस या एवढ्याशा कारणानं राहिली असेल, असं मनात आलं की झोप येत नाही.

विचारून काही कळेल असंही नाही. १९७७ सालचं रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांचं एक काम आहे. दुकानात टेबलावर पायमोज्यांचे चार जोड ओळीनं मांडले आणि ये-जा करणाऱ्यांना सर्वांत चांगला निवडायला सांगितलं. चारही जोड एकसारखे होते. तरी अगदी उजवीकडचा जोड अगदी डावीकडच्यापेक्षा जवळजवळ चौपट वेळा निवडला गेला. का निवडला, असं विचारलं तर उत्तरं तयार, विणकाम चांगलं आहे, पोत चांगला आहे. जागेमुळे निवडला का, असं थेट विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी नाही म्हटलं आणि विचारणाऱ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं. ती गोष्ट हाताची नव्हती, क्रमाची होती. पण पोत चांगला आहे म्हणणारी ती माणसं मला फार ओळखीची वाटतात. बेळगावातल्या शहापूरच्या साडीच्या दुकानांत रोज दिसतात.

हे सगळं वाचताना मला आमच्या माउली देवीच्या देवळातला कौल आठवत राहिला.

मी आठेक वर्षांची असेन. ताईला निपाणीचं स्थळ आलं होतं. मुलगा तंबाखूच्या वखारीत कारकून, घरचं बरं, पण बाबांच्या मनात काहीतरी अडत होतं. तेव्हा कौल लावायचं ठरलं. पहाटे आंघोळी करून सगळे देवळात. गुरवानं काळ्या पाषाणाच्या देवीला पाणी घातलं आणि दोन ओल्या पाकळ्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. मग गाऱ्हाणं घातलं, मनातलं होणार असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे. आणि सगळे गप्प. समईची वात तेवढी तडतडत होती. ओल्या दगडावर पाकळी कशी हळूहळू सुटते ते मी अगदी जवळून पाहिलंय. आधी तिची वरची कड वाळते, मग ती कड दगडापासून केसभर वर येते, आणि आता पडेल वाटतं तेव्हा पडत नाही. तुम्ही दुसरीकडे बघता आणि ती पडलेली असते.

पाकळी पडली ती माझ्या डाव्या हाताच्या बाजूची. मी टाळी वाजवून ओरडले, "माझ्या हाताची पडली!"

काकूनं पाठीत धपाटा घातला. ताईचं तोंड उतरलं. डावा पडला असंच सगळ्या बायकांना वाटलं होतं. गुरव मागे न वळता म्हणाला, "देवीचा उजवा की हो. तुम्ही तिच्या समोर बसलाय न्हवं."

देवीचा उजवा म्हणजे समोरच्याचा डावा. मोठी माणसं हा हिशेब दर वेळी मनात उलटा करून घेत असणार, आणि त्या दिवशी घाईत चुकली. मला उलटा करायची गरज पडली नाही. माझी चांगली बाजू आणि देवीची चांगली बाजू एकच होती. ताई निपाणीला गेली, तिचं बरं चाललंय. त्यात माझ्या डाव्या हाताचं श्रेय कुणी मानत नाही.

कौलाची वाट बघायची आमच्या भागाला तशी सवयच आहे. १९५६ साली सीमेची रेघ ओढली गेली, १९६६ साली महाजन आयोग नेमला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला, २००४ पासून सीमेचा खटला सुप्रीम कोर्टात आहे. पाकळी ओलीच आहे. असो.

भाषेनं मात्र आपला कौल केव्हाच देऊन टाकलाय. 'उजवा'च्या मुळाशी 'ऋजु' आहे, म्हणजे सरळ. मुलीचं लग्न करून देणं म्हणजे तिला उजवणं, मूल झालं की कूस उजवते, आणि पुरं झालेलं व्रतही उजवतात. डाव्याच्या वाट्याला काय आलं, तर डावलणं. देवाला उजवीकडे ठेवून फिरलं की प्रदक्षिणा, तिच्यातला दक्षिण म्हणजेच उजवा. सोसायटीतले सगळे फॉर्म कन्नडमध्ये असतात. त्या भाषेत उजवा म्हणजे 'बल' आणि ताकदही 'बल'. डावऱ्याला 'एडचा' म्हणतात. हे मला वर्गातल्या कानडी मुलांनी शिकवलं, पाठ्यपुस्तकाच्या आधी. म्हणजे दोन भाषांच्या भांडणात या एका मुद्द्यावर एकमत आहे.

संस्कृतला तेवढी थोडी दया आली. 'वाम' म्हणजे डावा, वाम म्हणजे वाकडा, आणि वाम म्हणजे सुंदरही. अर्धनारीनटेश्वराची डावी बाजू पार्वतीची.

मला वाटायचं, माझ्यासारख्यांच्या मनावर या सगळ्याचा परिणाम होऊन आम्हीही उजव्यालाच चांगलं मानत असणार. इतकी बोलणी, इतके धपाटे. पण २०१५ साली स्पेन आणि मोरोक्कोतल्या लोकांची तुलना झाली. मोरोक्कोत डाव्या हाताचा विटाळ आपल्यासारखाच कडक आहे. तोंडानं विचारलं तेव्हा उजवं चांगलं, डावं वाईट हे मोरोक्कोच्या लोकांनी जास्त ठामपणे सांगितलं. पण चौकोनात चित्र काढायला लावलं, म्हणजे न विचारता विचारलं, तेव्हा दोन्ही देशांत फरक दिसला नाही. तोंड समाजाचं बोलतं, हात आपलं.

जगात डावरे किती, याचा मोठा हिशेब २०२० साली झाला. सुमारे २४ लाख माणसांची माहिती एकत्र करून आकडा निघाला १०.६ टक्के. शाळेनं नेलेल्या माझ्यासारख्यांना त्यात कुठल्या रकान्यात घालायचं? बेळगावात १९२४ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले ते एकमेव. टिळकवाडीतली त्या अधिवेशनाची विहीर अजून आहे. आम्हाला शाळेतून तिथं नेलं तेव्हा चरखा, मीठ, पंचा सगळं सांगितलं. गांधीजींनी १९०९ साली बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिताना उजवा हात दुखायला लागल्यावर डाव्या हातानं लिहिलं, २७५ पानांतली चाळीसेक पानं, हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एका मुलीचा दिवस बरा गेला असता.

दोन वर्षांपूर्वी आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. महिनाभर बेळगावच्या दवाखान्यात, मग घरी. पाय परत आला, बोलणं परत आलं, हात फारसा आला नाही.

माझ्या आईचे हात म्हणजे मांडे करणारे हात. पुरणाचा उंडा हातावर घेऊन तो दोन्ही हातांवर झुलवत मोठा करत न्यायचा, कोपरापर्यंत पसरला की पलीकडचं दिसेल इतका पातळ, आणि मग विस्तवावर पालथ्या घातलेल्या खापरीवर अलगद सोडायचा. त्यात डावा-उजवा भेद नसतो. एक हात जरा मागे राहिला की मांडा फाटतो. ती बाई आता चमचा डाव्या हातात धरून बसली आणि भात तोंडाशी नेईपर्यंत मांडीवर सांडू लागली.

तिला डाव्या हातानं जेवायला मी शिकवलं. दुसरं कोण शिकवणार? घरात जाणकार मीच. पहिले आठ दिवस ती चमचा हातात घेऊन माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "शी. ह्या हातानं?" जेवली शेवटी. कुंकू लावायला मात्र तयार नव्हती. चैत्रात हळदीकुंकवाला बायका आल्या तेव्हा तिनं करंडा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "तू लाव. तुझा उजवा हाय की चालू." माझा उजवा चालू व्हावा म्हणून तिनं केलेली खटपट त्या दिवशी तिच्या कामी आली. तिनं तसं म्हटलं नाही, मीही नाही.

२०११ साली कॅसासँटो आणि एव्हान्जेलिया क्रिसिकू यांनी अशाच माणसांकडे पाहिलं होतं, आयुष्यभर उजवे असलेले, आणि पक्षाघातानं उजवा हात गेलेले. त्यांची चांगली बाजू डावीकडे सरकली होती. मग त्यांनी धडधाकट उजव्या विद्यार्थ्यांच्या उजव्या हातात बर्फावर घालतात तसला जाड, बोजड हातमोजा घातला आणि डॉमिनोच्या सोंगट्या उभ्या करायला लावल्या. सुमारे बारा मिनिटं. तेवढ्यानं त्यांच्यातल्या बहुतेकांचा कल डावीकडे गेला. म्हणजे पक्षाघात लागत नाही, जाड हातमोजा आणि चहा निवायला लागतो तेवढा वेळ पुरतो. संस्कार म्हणून जे इतकं घट्ट वाटतं, ते एवढं सैल असतं हे वाचून मला हसू आलं आणि मग पट्टी आठवली.

गेल्या निवडणुकीत आईला व्हीलचेअरवर मतदानाला नेलं. शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लावतात, तसा नियमच आहे, आणि ती शाई आपल्या म्हैसूरलाच बनते. आजवर आई डाव्या बोटाला शाई लावून उजव्या बोटानं बटण दाबायची. या वेळी शाईचं बोट आणि बटणाचं बोट एकच. बाहेर आल्यावर शाई पुसट झालेली पाहून ती हिरमुसली. तेवढीच एक जागा होती जिथं डाव्याला मान होता, म्हणाली.

सोसायटीतले ट्रे मी हलवले नाहीत. त्या मुलानं दोन पट्ट्या चिकटवल्या, 'मंजूर' आणि 'बघू', दोन्ही लिपींत. मंजूरला कन्नडमध्येही मंजूरच म्हणतात, त्यामुळे तिथं त्याला काही अडलं नाही.

दिवाळीच्या आधी दोघी वहिनींसाठी साड्या आणल्या. आमच्याकडे जावांना साड्या घ्यायच्या तर एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या, एकाच गठ्ठ्यातल्या. नाहीतर भाऊबीज कोर्टात जाते. डाळिंबी रंग, हिरवा काठ. आईच्या पलंगाला लागून लहान टेबल आहे, त्यावर मी दोन्ही घड्या शेजारी ठेवल्या आणि चहा ठेवायला आत गेले. आले तर तिनं डावीकडची घडी जवळ ओढली होती.

"ही मोठीला," म्हणाली.

"का गं? दोन्ही सारख्याच आहेत."

"सारख्या कुठल्या? काठ बघ की ह्याचा. दाट हाय."

मी दोन्ही साड्या उचलल्या, आतल्या खोलीतल्या दिव्याखाली नेऊन काठ बघितला, आणि येताना उलट्या बाजूंना ठेवल्या. तिनं चहाचा कप खाली ठेवला, डावा हात पुढे केला आणि जवळची घडी थोपटली. "हीच. म्हटलो न्हवं, काठ दाट हाय."

मी पुन्हा बघितलं. यावेळी मलाही तो जरा दाट वाटला. मग पिशव्यांवर नावं लिहिली आणि साड्या आत घातल्या. मोठीच्या पिशवीत कुठली गेली आणि धाकटीच्या कुठली, ते आता मलाही सांगता येणार नाही.